नाक दाबलं तरी हे दार का उघडत नाही?

11 फेब्रुवारी 2025. व्हाइट हाउसमध्ये जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे अवघडून खुर्चीत बसले होते. शेजारी डोनाल्ड ट्रम्प, समोर कॅमेरे. आठवडाभर आधी, 4 फेब्रुवारीला, इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू शेजारी उभे असताना ट्रम्प यांनी जाहीर केलं होतं की गाझा अमेरिका ताब्यात घेईल आणि तिथली माणसं दुसरीकडे राहायला जातील. दुसरीकडे म्हणजे जॉर्डन आणि इजिप्तमध्ये, हे ते जानेवारीपासूनच सांगत होते. राजांच्या भेटीच्या आदल्या दिवशी ट्रम्प यांना पत्रकारांनी विचारलं, हे देश नाही म्हणाले तर त्यांची मदत थांबवाल का? थांबवूही शकतो, असं उत्तर आलं.

राजांनी कॅमेऱ्यांसमोर धड होकारही दिला नाही आणि धड नकारही. गाझातली 2,000 आजारी मुलं आम्ही उपचारासाठी घेऊ, एवढंच म्हणाले. बाहेर पडल्यावर मात्र त्यांनी लिहून टाकलं: पॅलेस्टिनींच्या विस्थापनाला जॉर्डनचा विरोध ठाम आहे.

त्या दिवसापासून एक प्रश्न अनेकांनी मला विचारला. जॉर्डन लहान देश, अमेरिकेच्या पैशावर बराचसा चालणारा. इजिप्त कर्जात बुडालेला. मग एवढं नाक दाबल्यावर तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, ते का? उत्तरासाठी आधी निर्बंध नावाचं हत्यार कसं चालतं ते पाहावं लागेल.

महाराष्ट्रात वाळीत टाकणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण दळून देत नाही, लग्नाला कुणी येत नाही. अंगाला कुणी बोट लावत नाही, तरी जगणं अशक्य होतं. ही प्रथा इतकी जाचक की 2016 मध्ये विधिमंडळाला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. देशांच्या बाबतीत हेच घडतं तेव्हा आपण त्याला निर्बंध म्हणतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम 41 नुसार सुरक्षा परिषद एखाद्या देशावर निर्बंध लादू शकते आणि ते सगळ्या देशांवर बंधनकारक असतात. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर असेच निर्बंध आले. पण आज बातम्यांत ज्यांचा उल्लेख येतो ते बहुतेक निर्बंध एका देशाने स्वतःच्या बळावर लादलेले असतात. अमेरिकेला ते जमतं याचं मुख्य कारण डॉलर. जगातला मोठा व्यापार डॉलरमध्ये होतो, डॉलरचे व्यवहार शेवटी अमेरिकी बँकांमधून जातात, आणि त्या बँकांचा नळ वॉशिंग्टनच्या हातात आहे. राष्ट्राध्यक्षांना हा नळ बंद करण्याचा अधिकार मुख्यतः 1977 च्या एका कायद्याने दिला आहे.

शिवाय ज्यांना कुणी निर्बंध म्हणत नाही, पण ज्यांचा चटका तोच असतो, असे मार्ग आहेत: मदत रोखणे, आयातशुल्क वाढवणे, व्हिसा बंद करणे, नाणेनिधीच्या कर्जात खोडा घालणे. आपल्याला हे नवीन नाही. 1998 मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले होते. ऑगस्ट 2025 मध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा हिरे, कपडे आणि कोळंबी निर्यात करणाऱ्यांना त्याची झळ बसली. दोन्ही वेळा मागणी एकाच प्रकारची होती: तुम्ही स्वतः जे करताय ते थांबवा. अणुचाचण्या थांबवा, तेल घेणं थांबवा. मागणी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ज्याच्यावर दबाव, कृतीही त्याचीच, एवढं तरी त्यात असतं.

जॉर्डन आणि इजिप्तकडे केलेली मागणी तशी नाही. गाझावर बॉम्ब त्यांनी टाकले नाहीत. घरं त्यांनी पाडली नाहीत. घराबाहेर काढणारा एक, काढली जाणारी माणसं दुसरीच, आणि नाक दाबायचं ते शेजाऱ्याचं, का तर तो त्याचं दार उघडत नाही म्हणून. या विषयात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कोलंबियाचा दाखला आणि त्यातली फसगत

जॉर्डन-इजिप्तचं नाव ट्रम्प यांनी 25 जानेवारी 2025 ला घेतलं. दुसऱ्याच दिवशी, 26 तारखेला, अमेरिकेने हद्दपार केलेल्या लोकांना घेऊन आलेली दोन अमेरिकी लष्करी विमानं कोलंबियाने उतरू दिली नाहीत. लगेच घोषणा झाली: कोलंबियाच्या मालावर 25 टक्के शुल्क, आठवड्यात ते 50 टक्के, शिवाय व्हिसाबंदी. रात्रीपर्यंत कोलंबिया नमला. बघा, धमकी चालते, असं त्यानंतर पुष्कळांनी म्हटलं, आणि तोच हिशेब अम्मान-कैरोला, म्हणजे जॉर्डन-इजिप्तला, लावला.

पण ती माणसं कोलंबियाची नागरिक होती. आपल्या नागरिकाला परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य मानलं जातं. ते टाळणाऱ्या देशांचे व्हिसा रोखण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. गाझातला माणूस इजिप्तचा किंवा जॉर्डनचा नागरिक नाही. त्याला कायमचं वसवून घ्या, अशी सक्ती आंतरराष्ट्रीय कायद्यातलं कुठलंही कलम त्या देशांवर करत नाही.

ही रेघ पुढे किती सहज पुसली गेली, ते दक्षिण सुदानमध्ये दिसलं. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने एका माणसाला तिकडे पाठवलं. हा आमचा नाही, काँगोचा आहे, असं म्हणून दक्षिण सुदानने त्याला परत धाडलं. त्यावर अमेरिकेने दक्षिण सुदानच्या सगळ्या पासपोर्टधारकांचे व्हिसा रद्द केले. काही दिवसांतच त्या सरकारने त्या माणसाला घ्यायचं कबूल केलं. जुलैमध्ये अमेरिकेने आणखी आठ जणांना तिथे उतरवलं, त्यांतला एकच दक्षिण सुदानी होता. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की गाझातल्या लोकांना तिथे वसवण्याबद्दल इस्रायल दक्षिण सुदानशी बोलत आहे. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती नाकारली. पण क्रम लक्षात घ्या. आधी स्वतःचा नागरिक, मग एक परका, मग अनेक परके, आणि शेवटी एका आख्ख्या समाजाबद्दलची चर्चा.

लिबियाबद्दलही मे 2025 मध्ये असंच वृत्त आलं: 2011 पासून गोठवलेले लिबियाचे अब्जावधी डॉलर मोकळे करायचे आणि बदल्यात गाझातले लोक तिथे न्यायचे. अमेरिकी दूतावासाने इन्कार केला. खरं-खोटं बाजूला ठेवू. या बातमीवर लोकांचा चटकन विश्वास का बसला? कारण निर्बंध लादण्याइतकंच ते उठवणंही चलनासारखं वापरता येतं, हे आधी दिसलेलं आहे. 2020 मध्ये सुदानने इस्रायलशी संबंध सुरळीत करायला मान्यता दिली, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या दहशतवाद-पुरस्कर्त्या देशांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. ज्याचा गळा आधीच आवळलेला आहे, त्याला एक श्वास विकत देता येतो.

मग जॉर्डन का झुकला नाही?

आकडे पाहिले तर झुकायला हवा होता. 2022 च्या करारानुसार अमेरिका जॉर्डनला सात वर्षं दरवर्षी किमान 145 कोटी डॉलर देणार, त्यातले सुमारे 84.5 कोटी थेट सरकारी तिजोरीत. जॉर्डनमधले कारखाने अमेरिकी बाजारासाठी कपडे शिवतात (त्यांत भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेतून गेलेले हजारो कामगार राबतात). पाण्याच्या बाबतीत हा जगातल्या सगळ्यात कोरड्या देशांपैकी एक, आणि त्याला पाण्याचा काही भाग आणि गॅस इस्रायलकडून घ्यावा लागतो. दाबायला जागा भरपूर आहेत.

पण होकाराची किंमत त्याहून मोठी आहे. सव्वा कोटीहून थोड्या कमी लोकसंख्येच्या या देशात 20 लाखांहून जास्त नोंदणीकृत पॅलेस्टिनी निर्वासित आहेत. 1948 मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात आणखी सुमारे तीन लाख. दोन्ही वेळा त्यांतले पुष्कळ जण जॉर्डन नदी ओलांडून आले. 1991 च्या युद्धानंतर कुवेतमधून हाकलले गेलेले लाखोही इथेच आले. आताच्या राजांचे पणजोबा, पहिले अब्दुल्ला, 1951 मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत एका पॅलेस्टिनी तरुणाच्या गोळीला बळी पडले, तेव्हा आताच्या राजांचे वडील हुसेन शेजारीच होते. 1970 च्या सप्टेंबरात राजाची फौज आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात अम्मानच्या रस्त्यांवर लढाई झाली, आणि अजूनही तिथे तो विषय हलक्या आवाजात बोलला जातो.

तिथे एक शब्दप्रयोग फार ऐकू येतो, 'अल-वतन अल-बदील', म्हणजे पर्यायी मायभूमी. इस्रायलमधल्या काही उजव्या राजकारण्यांचं म्हणणं जुनं आहे की पॅलेस्टिनींचा देश आधीच अस्तित्वात आहे, त्याचं नाव जॉर्डन. गाझातले लोक घेतले की हे म्हणणं अर्धं खरं होईल, आणि उद्या जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या, इस्रायलने व्यापलेल्या वेस्ट बँकेतल्या लोकांनाही तोच रस्ता दाखवला जाईल, ही भीती राजवाड्यातही आहे आणि छावण्यांमधल्या पॅलेस्टिनी घरांतही. राजा आणि निर्वासित या एका गोष्टीवर एकमताचे आहेत. मदत गेली तर तूट येते, कर वाढतात, लोक रस्त्यावर येतात. 2018 मध्ये करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि पंतप्रधानांना जावं लागलं. मग सौदी, कुवेत आणि अमिरातीने मिळून अडीच अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं. तूट अशी कुणीतरी भरून देतं. होकार दिला तर हातातून जाणारं राज्य कुणी भरून देत नाही.

इजिप्तचा हिशेब थोडा वेगळा आहे. अमेरिका त्याला दरवर्षी 130 कोटी डॉलरची लष्करी मदत देते. तिची मुळं 1979 च्या इस्रायल-इजिप्त शांतता करारात आहेत. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने जगभरची मदत गोठवली तेव्हा इस्रायल आणि इजिप्तची लष्करी मदत वगळली होती. जॉर्डनला ती सूट नव्हती. इजिप्तची मदत तोडणं म्हणजे ज्या मेढीवर इस्रायलच्या दक्षिण सीमेचं छप्पर पंचेचाळीस वर्षं उभं आहे, तीच उपसणं. म्हणून ती धमकी बोलायला सोपी आणि अमलात आणायला अवघड.

इजिप्तची भीती गाझाला लागून असलेल्या सिनाईची आहे. त्या वाळवंटात इजिप्तच्या लष्कराने दहा वर्षांहून अधिक काळ अतिरेक्यांशी झुंज दिली. तिथे लाखो गाझावासी तंबूत बसवले, त्यांतल्या कुणी सीमेपलीकडे रॉकेट डागलं, तर इस्रायलचं प्रत्युत्तर इजिप्तच्या भूमीवर पडेल आणि करार तिथेच संपेल. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष सीसी यांनी जर्मनीच्या चान्सेलरसमोर उघड म्हटलं होतं: लोकांना हलवायचंच असेल तर इस्रायलमध्येच नेगेवचं वाळवंट आहे, तिथे न्या.

इजिप्तची तिजोरी तेव्हाही खंक होती. येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर केलेल्या हल्ल्यांमुळे सुएझ कालव्याचं उत्पन्न 2023 च्या सुमारे 10 अब्ज डॉलरवरून 2024 मध्ये 4 अब्जांवर आलं. आणि पैशाच्या बदल्यात इजिप्तने भूमिका कधीच बदलली नाही, असंही नाही. 1991 मध्ये इराकविरुद्धच्या युद्धात साथ दिल्यावर त्याचं प्रचंड कर्ज माफ झालं होतं. तरी या वेळी सौदा जमला नाही. 4 मार्च 2025 ला कैरोत अरब देशांची तातडीची परिषद भरली आणि इजिप्तने 53 अब्ज डॉलरची पुनर्बांधणीची योजना मांडली. तिचा गाभा साधा होता: लोक गाझातच राहतील आणि गाझा त्यांच्याभोवती बांधला जाईल.

सिनाईची ही कल्पना सत्तर वर्षांची आहे

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून इथे जरा थांबतो. 1950 च्या दशकात गाझा इजिप्तच्या ताब्यात होता. 1953 मध्ये इजिप्त आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी मिळून एक योजना आखली: गाझातल्या हजारो निर्वासित कुटुंबांना सिनाईच्या वायव्येला जमीन द्यायची, पाणी आणायचं, शेती करायला लावायची. कागदावर ती दयाळूच होती. मार्च 1955 मध्ये गाझात लोक रस्त्यावर उतरले. पुढे असणाऱ्यांत कवी मुईन बसीसू होते. घोषणा होती, आम्हाला तिकडे वसवणं नको, घरं नकोत. तंबूत राहणारी, शिधापत्रिकेवर जगणारी माणसं पक्की घरं नाकारत होती, कारण ते घर घेतलं की आपल्या गावी परतण्याचा हक्क सोडल्यासारखं होईल, हे त्यांना कळत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या ठराव क्रमांक 194 मध्ये तो हक्क लिहिलेला आहे. योजना बारगळली.

'तवतीन', म्हणजे परक्या जागी कायमचं वसवणं, हा शब्द तेव्हापासून त्या भागात जवळजवळ शिवीसारखा आहे. लेबनॉनने तर 1990 मध्ये संविधानाच्या प्रास्ताविकेतच 'तवतीन नाही' असं लिहून ठेवलं.

आपल्याकडे कुणी विचारेल, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जवळजवळ लाखभर सिंधी आले, 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, ते तिथे रुजले. अरबांना हे का जमू नये? तुलना मनात येणं स्वाभाविक आहे, आणि सिंधी माणसाच्या मनातही आपलं गाव गेल्याचं दुःख आहेच. पण उल्हासनगरला आलेला माणूस पहिल्या दिवसापासून या देशाचा नागरिक होणार होता, मतदार होणार होता. गाझाच्या माणसाला असं काही कुणी देऊ केलेलं नाही. जॉर्डनमध्येच पाहा. 1948 च्या बहुतेक निर्वासितांना तिथे नागरिकत्व मिळालं, पण 1967 मध्ये गाझातून आलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी 1968 मध्ये उभारलेली जेराशची छावणी आजही 'गाझा छावणी' म्हणून ओळखली जाते. तिथल्या तिसऱ्या पिढीलाही सरकारी नोकरी नाही, मत नाही. विस्थापन एकदा झालं की तात्पुरतं कसं राहत नाही, हे पाहायला जेराशला जावं.

कायदा काय म्हणतो

चौथ्या जिनीव्हा कराराचं (1949) कलम 49 स्पष्ट आहे: व्याप्त प्रदेशातल्या लोकांना सक्तीने बाहेर हलवता येत नाही, हेतू कोणताही असो. लढाईपासून वाचवायला तात्पुरतं हलवता येतं, पण लढाई थांबताच परत आणावं लागतं.

यावर उत्तर येतं की आम्ही सक्ती करतच नाही, लोक आपखुशीने जातील. मार्च 2025 मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने 'स्वेच्छेने' जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक कार्यालयही मंजूर केलं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत न्यायाधीशांनी नेमका हाच प्रश्न हाताळला होता. त्यांनी म्हटलं की सक्ती म्हणजे फक्त बंदुकीची नळी नाही. भीती, उपासमार, राहण्यालायक काही न उरणं, यांमुळे माणसाला खरी निवडच उरली नसेल, तर त्याचा होकार होकार धरता येत नाही. गाझातल्या 21-22 लाखांपैकी जवळजवळ 19 लाख लोक या युद्धात घराबाहेर पडले, काही जण दहा-दहा वेळा. तिथे स्वेच्छा हा शब्द जपून वापरायला हवा.

आणि धमकी देणाऱ्या देशाचं काय? नुसता आर्थिक दबाव बेकायदा ठरवणं कठीण आहे. 1986 मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेची व्यापारबंदी हा हस्तक्षेपबंदीच्या रूढ नियमाचा भंग मानला नव्हता. पण दबाव जर दुसऱ्याला बेकायदा कृत्यात ओढण्यासाठी असेल, तर जबाबदारी दबाव टाकणाऱ्याकडेही जाते, असं संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने 2001 मध्ये मांडलेल्या नियमांत आहे. हे कोर्टात सिद्ध करणं अवघड आहे. प्रश्न त्यामुळे नाहीसा होत नाही.

ट्रम्प यांची भाषा पुढे बदलली. त्या फेब्रुवारीच्या भेटीतच त्यांनी पैशाची धमकी देण्याची गरज नाही असं म्हटलं, मार्चमध्ये कुणी कुणाला हाकलत नाही असं सांगितलं, आणि सप्टेंबर 2025 च्या वीस कलमी योजनेत तर लिहून आलं की गाझा सोडण्याची सक्ती कुणावर होणार नाही, जाणाऱ्याला जाता येईल आणि परतताही येईल. या माघारीत जॉर्डन-इजिप्तच्या नकाराचा मोठा वाटा आहे, असं माझं मत आहे.

पण त्या नकाराचा बोजा कुणी उचलला, हे टाळून पुढे जाता येत नाही. मे 2024 मध्ये गाझा-इजिप्त सीमेवरचं रफाहचं फाटक बंद होईपर्यंत सुमारे लाखभर गाझावासी इजिप्तमध्ये पोचले. त्यांतल्या अनेकांनी दलालीपायी माणशी हजारो डॉलर मोजले. तिथे त्यांना धड रहिवासाचे कागद नाहीत, मुलांना सरकारी शाळा नाही. जीव वाचवायला देश सोडण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. तो हक्क आणि समाज म्हणून आपल्या भूमीत राहण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत, आणि सरकारं त्यांतला एकच मोजतात.

राजांनी कबूल केलेल्या 2,000 मुलांतली पहिली सुमारे तीस मुलं मार्च 2025 मध्ये जॉर्डनला पोचली. उपचार झाल्यावर मे महिन्यात त्यांतल्या काही मुलांना आईवडिलांसह गाझात परत पाठवलं गेलं. तेव्हा तिथे बॉम्बफेक चालू होती आणि मार्चपासून अन्नधान्य आत जाणं बंद होतं. जॉर्डनचं म्हणणं होतं की ठरलंच तसं होतं: उपचार करायचे, परत पाठवायचं, म्हणजे पुढच्या मुलांना जागा होते आणि विस्थापनाला हातभार लागत नाही. तत्त्व म्हणून यातला एक शब्दही मला खोडता येत नाही. त्या मुलांच्या आयांनी गाडीत बसताना काय मनात आणलं असेल, ते मात्र या लेखात कुठे बसवायचं हे मला अजून कळलेलं नाही.